शिपायाचा कोट कुठे गेला?

10 जुलै 1806 च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रास फौजेतल्या हिंदी शिपायांनी उठाव केला. टिपू सुलतानाचे मुलगे त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते आणि असंतोषाची कारणेही अनेक होती. तरी ठिणगी पडली ती पोशाखावरून. सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक याच्या कारकिर्दीत, आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात हुकूम निघाले होते. डोक्याला टोपीच्या घाटाचे नवे पागोटे आणि त्यावर चामड्याचा तुरा घालायचा. कवायतीला येताना कपाळावर गंध नको, कानात बाळी नको, दाढी काढलेली हवी. शिपायांना त्यात आपला धर्म बुडताना दिसला.

वसाहतकालीन गणवेशांच्या अभ्यासात पहिले पाऊल टाकणाऱ्याने ही घटना आधी समजून घ्यावी असे मला वाटते. गणवेश म्हणजे सत्तेने माणसाच्या अंगावर लिहिलेला हुकूम. तो अंगावर घेणाऱ्याचीही त्यावर काही मते असतात, ही गोष्ट संग्राहकांच्या जगात फार कमी बोलली जाते. तिथे किंमत येते ती सोनेरी जरीची, चांदीच्या बटणांची आणि एखाद्या कर्नलच्या नावाची.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. अंमलदार आपला गणवेश स्वतःच्या पैशाने, लंडनच्या किंवा कलकत्त्याच्या नामांकित शिंप्याकडून शिवून घेत असे. निवृत्त झाल्यावर तो पत्र्याच्या पेटीत घालून मायदेशी नेई. पुढे नातवंडांच्या माळ्यावरून तो लिलावात, तिथून संग्रहालयात जाई. शिपायाचा कोट सरकारी पुरवठ्याचा. तो विरेपर्यंत वापरला जाई, ठिगळे लागत, आणि शेवटी त्याचे फडके होई. म्हणून जगभरच्या संग्रहांत लाखो हिंदी सैनिकांचे प्रतिनिधित्व मूठभर इंग्रज अंमलदारांच्या डगल्यांनी केले आहे. माझ्या मते ही असमतोल वारसा-वाटणी दुरुस्त करणे हेच या छंदाचे आजचे खरे काम आहे.

हाती आलेली वस्तू वाचायची कशी, ते शिकण्याजोगे आहे आणि फार अवघडही नाही. पहिला पुरावा मुकुट. बटणावर किंवा बिल्ल्यावर मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतील तर वस्तू बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे 1901 पूर्वीची. कमानी सलग घुमटासारख्या वर गेल्या असतील तर ती त्यानंतरच्या राजांच्या काळातली. मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले असतील तर आपण प्रजासत्ताकात आलो. दुसरा पुरावा खांद्यावरचा पितळी आकडा. 1895 पर्यंत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या फौजा होत्या. सरसेनापती किचनरने 1903 मध्ये सगळ्या पलटणींना सलग क्रमांक दिले आणि 1922 च्या फेररचनेत ते मोडीत निघाले. म्हणजे ‘110’ हा आकडा आणि मराठा पलटणीचे नाव एकत्र दिसले की आपण त्या एकोणीस वर्षांच्या आत आहोत. 1922 नंतर हीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली.

कापडही बोलते. खाकीची सुरुवात 1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने उभारलेल्या गाइड्स पलटणीपासून धरतात. 1857 च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहात, चिखलात, मिळेल त्या रंगात बुचकळून काढले, आणि धुतल्यावर एकाच पलटणीत नाना छटा दिसू लागल्या. लोह आणि क्रोमियमच्या क्षारांपासून केलेला पक्का खनिज रंग 1880 च्या दशकात आला, तेव्हा कुठे खाकी एकसारखी झाली. एखादा कोट 1860 चा म्हणून दाखवला जात असेल आणि त्याची खाकी शिवणीच्या आतबाहेर निखालस सारखी असेल, तर विकणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध रक्ताचा आहे. 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे वेढ्यानंतर शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. साताऱ्या-रत्नागिरीच्या घरांतली माणसे त्या वेढ्यात उपासमारीने खंगली, कैदेत गेली. त्यांच्या अंगावरचे कपडे तिकडेच संपले.

दुसरी कथा महार सैनिकांची. मुंबईच्या फौजेत महारांची भरती कंपनीच्या काळापासून होती. कोरेगावच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. गावात ज्याला चावडीच्या पायरीशी उभे राहावे लागे, त्याला पलटणीत हुद्दा मिळे. सुभेदार रामजी सकपाळ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये सरकारकडे अर्जाची जुळवाजुळव केली, कारण तेवढ्यात ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताने महारांची भरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट 1941 ची. त्या चार वर्षांच्या पलटणीचे एखादे बटण, एखादी शिक्क्याची पट्टी सापडली तर तिची किंमत जरीच्या कोणत्याही डगल्याहून मी अधिक मानतो.

पोलिसी वेषाकडे संग्राहक उशिरा वळले. देशाच्या मोठ्या भागाला 1861 च्या कायद्याने चौकट दिली. मुंबई शहराला 1864 मध्ये फ्रँक साउटर हा पहिला आयुक्त मिळाला. शहरातल्या शिपायाचा गडद निळा पोशाख आणि पिवळे पागोटे मुंबईकरांच्या ओळखीचे होते. हा कपडा लष्करी गणवेशाहूनही दुर्मीळ आहे. संप आणि सत्याग्रह यांच्यासमोर उभा राहिलेलाही तोच, म्हणून त्याला जपून ठेवावे असे फारसे कुणाला वाटले नसावे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो वगळता येत नाही.

बाजाराविषयी थोडे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथे आजही माल येतो; त्यात सिनेमाच्या भाडोत्री कपडेपटातले कोट आणि नव्याने ओतलेले बिल्लेही असतात. खऱ्या बिल्ल्याच्या कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात आणि ओतीव नकलेत बारीक अक्षरे बुजतात. बटणाच्या पाठीवर कारखान्याचे नाव पाहावे. डब्ल्यू. वाय. कारमन यांचे हिंदी फौजेच्या गणवेशांवरचे ग्रंथ आणि ए. सी. लव्हेट यांची 1911 च्या पुस्तकातली चित्रे जवळ ठेवावीत. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तूविषयक कायदा लागू होऊ शकतो, हे परदेशी गिऱ्हाईक समोर आले की विसरू नये.

वाचकांपैकी कुणाच्या घरी पणजोबांचा कोट, पट्टा किंवा बिल्ला असेल तर त्यांना माझी विनंती आहे. तो धुऊ नका, पितळ घासून चकचकीत करू नका, डांबरगोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळ्यात कसर लागलेली नाही ना ते पाहत जा. आणि त्याआधी एका कागदावर त्या माणसाचे नाव, गाव, पलटण किंवा पोलीस ठाणे, घरात ऐकलेली वर्षे लिहून तो कागद वस्तूसोबत ठेवा. हे काम घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर, या आठवड्यातच करा.