नकाराचा अधिकार : व्हिडिओ गेममधील प्रणयलेखन

संस्कृत साहित्यशास्त्रातील नायिकाभेद नायिकेचा विचार बहुधा नायकाच्या संबंधानेच करतो. स्वीया कोण, परकीया कोण, खंडिता कोण, हे ठरते ते त्याच्याच संदर्भात. व्हिडिओ गेम या नव्या कथाप्रकारात ही अडचण अधिक तीव्र झाली. कारण येथे नायकाचे नाव, रूप आणि पुष्कळदा लिंगही खेळाडूच ठरवितो. नायक कोण हे ठाऊक नसता त्याच्यावरील प्रेम लिहावयाचे कसे, हा या लेखनाचा मूळ प्रश्न होय.

जपानमधील कोनामीच्या 'टोकिमेकी मेमोरियल' या १९९४ च्या खेळाने त्याचे उत्तर हिशेबाने दिले. शाळेच्या तीन वर्षांत खेळाडूने विद्या, बल इत्यादी गुण वाढवावयाचे. निरोपाच्या दिवशी वृक्षाखाली प्रेमाची कबुली द्यावयाची ती मात्र मुलीने. उपेक्षित मुलीच्या नावाशी बॉम्बचे चिन्ह उमटे. तो फुटला की इतर मुलींचेही मन नायकाविषयी कलुषित होई. येथे नकार आहे. परंतु तो गुणांच्या बेरजेतून येतो, स्वभावातून नव्हे.

कॅनडातील बायोवेअरच्या 'बाल्डर्स गेट २' मध्ये (२०००) सहचरांना स्वतःचा भूतकाळ लाभला. जाहीराच्या पतीचा मृत्यू कथारंभीच उघड होतो, आणि तिचे प्रेम त्या शोकातूनच वाट काढते. तथापि पुरुष नायकासाठी तीन प्रेमपात्रे आणि स्त्री नायिकेसाठी एकच, अशी तेथील वाटणी होती. समलिंगी प्रेमाला तर स्थानच नव्हते.

ही उणीव भरून काढताना लेखनाने दोन मार्ग चोखाळले. 'ड्रॅगन एज २' (२०११) या खेळातील मूळ चारही प्रेमपात्रे खेळाडूच्या लिंगाचा विचार न करता त्याची होऊ शकत. याउलट 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' मध्ये (२०१४) प्रत्येकाची आवड निश्चित आहे. डोरियनला पुरुषच प्रिय. त्याची ही प्रवृत्ती रक्तविद्येने पालटण्याचा घाट त्याच्या पित्याने घातला होता. त्याचे मन खेळाडूच्या इच्छेनुसार वळणारे असते, तर या पितापुत्रसंघर्षाला अर्थच उरला नसता. बेल्जियममधील लॅरियनच्या 'बाल्डर्स गेट ३' ने (२०२३) पहिला मार्ग पुन्हा धरला. मात्र निर्वासितांची कत्तल करणाऱ्या नायकाला कार्लाक सोडून जाते. तिचा नकार लिंगावर नव्हे, नीतीवर उभा आहे.

दोन्ही मार्गांत न्याय आहे. सर्वांना मोकळे असलेले दार आजवर वगळलेल्या खेळाडूला प्रवेश देते. मिटलेले दार पात्राला व्यक्तित्व देते. स्वयंवरात वरमाला नायिकेच्या हाती असते. येथे ती खेळाडूच्या हाती आली आहे. म्हणूनच ती नाकारू शकणारे पात्र निर्माण करणे, हीच या लेखनाची खरी कसोटी होय. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला मोल कसले?