खिशातला सुटा सेल: १८६५०ची गोष्ट

आजची गोष्ट एका सेलची. नाव १८६५०. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५, म्हणून हे नाव.

१९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. पुढे १८६५० सेल लॅपटॉपमध्ये शिरला, पण एकटा नाही. चार-सहा सेलचा पॅक आणि सोबत राखणीला एक सर्किट. चार्ज जास्त झाला किंवा करंट जास्त ओढला, की सर्किट पुरवठाच तोडणार.

मग २००३च्या सुमारास चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टने ई-सिगारेट बनवली. पुढे लोकांना वाफ जास्त हवी झाली, यंत्रं मोठी झाली आणि पॅकमधला सेल सुटा हातात आला. घोळ इथेच झाला. सेलचं वरचं टोक प्लस, बाकी अख्खी डबी मायनस. मध्ये पातळ प्लास्टिक. ते फाटलं आणि खिशातली किल्ली दोन्हीकडे टेकली, की शॉर्ट, आणि मग आग! २०२१ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बजावलं, हे सेल सुटे वापरू नका.

आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट विकायलाच बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेप कोणता घेऊ’ हा प्रश्नच उरत नाही. पण हाच सेल तुमच्या टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत असू शकतो. तेव्हा आवरण फाटलेला सेल वापरू नका, सुटा सेल डबीत ठेवा. खिशात तर नकोच!