आमवात आणि पाण्याचा उपचार

श्रोतेहो, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची पाणचक्की पाहिली नाही असा मराठवाड्यातला शाळामास्तर विरळाच. सहलीची पोरे तिथे हौदाशी उभी राहतात आणि विचारतात, "गुरुजी, नुसत्या पाण्यानं एवढं जड जातं कसं फिरायचं?" प्रश्न मोठा चांगला आहे. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी हे गाव वसविले आणि नहर काढून त्याला पाणी दिले. पुढे डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्यावर दळण दळण्याची सोयही या गावाने केली. पाण्याच्या अंगी जोर आहे, हे इथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

आज मला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका जात्याबद्दल. ते जाते म्हणजे माणसाचे सांधे. आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो झाला की हे जाते अडते. सकाळी उठावे तर बोटे वळत नाहीत, तांब्या धरवत नाही, खडू हातातून गळतो. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि तास तास आखडलेले राहतात. म्हातारपणच्या गुडघेदुखीपेक्षा हा रोग वेगळा. तो ऐन उमेदीतल्या माणसांना, त्यांतही बायकांना अधिक गाठतो. शरीराची रक्षण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर चालून जाते, असे त्याचे स्वरूप आहे.

यावर पाण्याचा उपचार माणसाने फार पूर्वीपासून केला. चरकाने शेकाचे, म्हणजे स्वेदाचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत औषधी काढ्याच्या टोपात बसण्याचा 'अवगाह'ही आहे. माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन येते. विंचू डसावा तशा वेदना, असे तो ग्रंथकार म्हणतो. मात्र अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने आमवाताला ओला शेक न सांगता तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सरसकट सगळ्या दुखण्यांना एकच पाणी, असे आपल्या जुन्या वैद्यांनीही मानले नाही.

लोकांनी आपली वाट धरली ती उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची. आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर आहे, ठाण्याकडे वज्रेश्वरी आहे. सांधे धरलेली माणसे तिथे जाऊन बसत आली. युरोपातही असेच झाले. एकोणिसाव्या शतकात प्रीसनिट्झ, क्नाइप, लुई कुने यांनी पाण्याच्या उपचाराची शास्त्रेच मांडली. कुनेचे विचार गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत भेटले आणि मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला खेड्यातल्या रोग्यांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. पुढे मणिभाई देसाईंनी ते नेटाने चालविले. डॉक्टर मिळत नाही आणि औषध परवडत नाही अशा गावाला पाणी, माती आणि पथ्य तरी द्यावे, ही त्यामागची कळकळ होती.

पण श्रोतेहो, पाणी नेमके करते काय? उत्तर आर्किमिडीजच्या धड्यात आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो. गळ्याइतक्या पाण्यात तो जेमतेम दहावा हिस्सा उरतो. भार गेला की दुखरा सांधा हलवता येतो आणि उबेने आखडलेले स्नायू सैल पडतात. इंग्लंडात बाथ नावाचे उष्ण झऱ्यांचे गाव आहे. तिथे १७४२ मध्ये गोरगरिबांसाठी रुग्णालय निघाले. त्याच बाथच्या संशोधकांनी १९९६ मध्ये आमवाताच्या १३९ रुग्णांचे चार गट करून तुलना प्रसिद्ध केली. एका गटाने कोमट पाण्यात व्यायाम केला, एक पाण्यात नुसता बसला, एकाने जमिनीवर व्यायाम केला, एकाला अंग सैल सोडण्याचे शिकविले. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, असे चार आठवडे चालले. थोडेफार बरे सगळ्यांनाच वाटले. पण सांध्यांचा दुखरेपणा सर्वांत कमी झाला तो पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचा. म्हणजे गुण पाण्याचा खरा, पण हालचालीसकट.

आणि इथेच गफलत होते. पाण्याने आराम पडला की माणूस म्हणतो, आता गोळ्या कशाला? रोग मात्र आत चालूच असतो. महिने जातात, हाडे झिजतात, बोटे वाकडी होतात, आणि वाकडे झालेले बोट कोणत्याही झऱ्याने सरळ होत नाही. आज मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत. ती रोगालाच आवर घालतात. पण डॉक्टर सांगतील त्या मापानेच, आणि लवकर सुरू झाली तर. सकाळचा ताठरपणा आणि सूज काही आठवडे हटली नाही, तर तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे.

घरी काय करावे? घमेल्यात कोमट पाणी घ्यावे, कोपराने अंदाज पाहावा, अंगाला सोसेल इतकीच ऊब ठेवावी. त्यात दहा मिनिटे हात बुडवून मुठी मिटाव्या, उघडाव्या. सांधा लाल, तापलेला असेल तर शेक थांबवावा. अंगात ताप, उघडी जखम किंवा हृदयाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि व्यायामासाठी म्हणून विहिरीत किंवा शेततळ्यात उतरू नये. शेततळ्याचा कागद निसरडा असतो, आणि आखडलेल्या हातापायांनी वर येणे होत नाही.

पुन्हा पोरांना घेऊन पाणचक्कीवर गेलात, गुरुजी, तर एवढे जरूर सांगा: पाणी जाते फिरवीत असे, पण दाणे माणसालाच घालावे लागत. पाण्याने सांधा हलता राहील. रोगावरचे औषध आपणच वेळेवर घ्यायचे आहे.