नॅलोक्सोन

नॅलोक्सोन हे ओपिऑइड वर्गातील पदार्थांच्या अतिमात्रेचा, म्हणजेच ओव्हरडोसचा, परिणाम उलटवणारे औषध आहे. मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन, मेथाडोन, फेंटॅनिल इत्यादी पदार्थांच्या अतिमात्रेने मंदावलेला किंवा थांबलेला श्वास पूर्ववत करण्यासाठी त्याचा वापर होतो. ते शिरेतून, स्नायूतून, त्वचेखाली किंवा नाकातील फवाऱ्याद्वारे देता येते. १९८३ पासून या औषधाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

कार्यपद्धती

ओपिऑइड पदार्थ मज्जासंस्थेतील म्यू नावाच्या ग्राहींना चिकटतात. त्यामुळे वेदना कमी होतात आणि गुंगी येते. मात्र हेच ग्राही मस्तिष्कस्तंभातील श्वसनाची लय राखणाऱ्या पेशींवरही असतात. अतिमात्रा झाल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढूनही मेंदू श्वासाची गती वाढवत नाही. बेशुद्धी, मंद किंवा थांबलेला श्वास आणि टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचित बाहुल्या ही अतिमात्रेची प्रमुख लक्षणे होत. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास काही मिनिटांतच कायमची इजा किंवा मृत्यू संभवतो.

नॅलोक्सोन म्यू ग्राहींना ओपिऑइडपेक्षा अधिक घट्ट चिकटते, परंतु त्यांना कार्यान्वित करत नाही. परिणामी ओपिऑइड ग्राहींवरून दूर होते आणि श्वसन पुन्हा सुरू होते. शिरेतून दिल्यास १ ते २ मिनिटांत, तर स्नायूतून दिल्यास साधारणतः २ ते ५ मिनिटांत परिणाम दिसतो. शरीरात ओपिऑइड नसल्यास नॅलोक्सोनचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, तसेच त्याचे व्यसनही लागत नाही. पोटातून घेतल्यास यकृतात त्याचे वेगाने विघटन होत असल्याने गोळीच्या स्वरूपात ते अतिमात्रेवर निरुपयोगी ठरते.

शोध व विकास

ओपिऑइडचा परिणाम रोखणाऱ्या रेणूंची कल्पना नॅलोक्सोनपेक्षा जुनी आहे. १९१५ मध्ये युलियस पोल यांनी कोडीनपासून बनवलेले एक अ‍ॅलिल संयुग मॉर्फिनमुळे मंदावलेला श्वास सुधारते, असे निरीक्षण नोंदवले. त्याच धर्तीवर तयार झालेले नॅलॉर्फिन १९५० च्या दशकात मॉर्फिनच्या विषबाधेवर वापरले गेले. तथापि नॅलॉर्फिन स्वतःही अंशतः ओपिऑइडसारखे वागत असे. त्यामुळे रुग्णाला भ्रम व तीव्र अस्वस्थता जाणवे आणि काही वेळा श्वसन अधिकच मंदावे.

या दोषापासून मुक्त औषधाचा शोध न्यूयॉर्कमध्ये लागला. मोझेस ल्यूएनस्टाइन आणि जॅक फिशमन यांनी ऑक्सिमॉर्फोनच्या रेणूतील नायट्रोजनवरील मिथिल गटाच्या जागी अ‍ॅलिल गट बसवून नॅलोक्सोन तयार केले. १९६१ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज करण्यात आला. जपानमधील सांक्यो कंपनीनेही त्याच सुमारास या रेणूवर काम केले होते. एंडो प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लूमबर्ग यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याची परिणामकारकता दाखवली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. फिशमन यांच्या सावत्र मुलाचा २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेने मृत्यू झाला. त्या काळात हे औषध प्रामुख्याने रुग्णालये व रुग्णवाहिका यांच्यापुरतेच मर्यादित होते.

मज्जाविज्ञानातील उपयोग

नॅलोक्सोन संशोधनाचे साधन म्हणूनही महत्त्वाचे ठरले. १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण केलेले नॅलोक्सोन वापरून मेंदूतील ओपिऑइड ग्राहींचे अस्तित्व दाखवून दिले. १९७८ मध्ये दात काढलेल्या रुग्णांवरील एका प्रयोगात औषधविरहित उपचारामुळे मिळणारा आराम नॅलोक्सोनने कमी होतो, असे दिसून आले. या आरामात शरीरातील नैसर्गिक ओपिऑइडांचा वाटा असतो, या मतास त्यामुळे बळ मिळाले.

समाजातील वितरणावरील संशोधन

अतिमात्रेच्या प्रसंगी सर्वांत आधी जवळ असतात ते सोबती, कुटुंबीय वा शेजारी. डॉक्टर पोहोचेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. या जाणिवेतून १९९६ मध्ये शिकागो रिकव्हरी अलायन्स या संस्थेने व्यसनाधीन व्यक्तींनाच नॅलोक्सोन देण्यास सुरुवात केली. औषध जवळ असल्याने लोक अधिक धोका पत्करतील, असा आक्षेप त्यावर घेतला जात असे.

२०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्स राज्यातील १९ वस्त्यांची २००२ ते २००९ या काळातील आकडेवारी तपासली गेली. जेथे प्रशिक्षण व वितरण अल्प प्रमाणात झाले, तेथे मृत्यूदर कार्यक्रम नसतानाच्या तुलनेत सुमारे २७ टक्क्यांनी, तर जेथे ते अधिक प्रमाणात झाले तेथे सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास निरीक्षणात्मक होता.

यादृच्छिक चाचणी करणे मात्र अवघड ठरले. इंग्लंडमध्ये तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांवरील एन-अलाइव्ह ही चाचणी २०१४ मध्ये थांबवण्यात आली. दिलेले नॅलोक्सोन बहुतांश वेळा त्या व्यक्तीऐवजी तिच्या सोबतच्या इतरांवर वापरले जात होते. त्यामुळे केवळ सुटलेल्या कैद्यांमधील मृत्यू मोजून उत्तर मिळणे शक्य नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, अतिमात्रा पाहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकास नॅलोक्सोन व त्याच्या वापराचे प्रशिक्षण उपलब्ध व्हावे, अशी शिफारस केली. अमेरिकेत ४ मिलिग्रॅमच्या नाकातील फवाऱ्यास २०१५ मध्ये आणि त्याच्या विनाचिठ्ठी विक्रीस २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

मात्रेविषयीचा वाद

फेंटॅनिल मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट प्रभावी असल्याने त्यावर अधिक तीव्र किंवा दीर्घकाळ टिकणारे औषध हवे, असे मत पुढे आले. त्यातून ८ मिलिग्रॅमचा नॅलोक्सोन फवारा आणि २०२३ मध्ये नॅलमेफीनचा फवारा बाजारात येण्यास मान्यता मिळाली. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी वापरलेल्या दोन मात्रांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ४ व ८ मिलिग्रॅम या दोन्ही गटांत सुमारे ९९ टक्के रुग्ण वाचले. मात्र विथड्रॉवलची, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम अचानक तुटल्याने होणाऱ्या त्रासाची, लक्षणे ४ मिलिग्रॅमच्या गटात १९.४ टक्के, तर ८ मिलिग्रॅमच्या गटात ३७.६ टक्के रुग्णांत दिसली. उलट्या, घाम, अंगदुखी व अस्वस्थता यांचा त्यात समावेश होतो. अशा अनुभवानंतर रुग्ण मदत नाकारून पुन्हा ओपिऑइड घेण्याचा धोका असतो. अमेरिकेतील विषशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये नॅलोक्सोनऐवजी नॅलमेफीन हे पहिल्या पसंतीचे औषध मानू नये, अशी भूमिका घेतली.

मर्यादा

नॅलोक्सोनचा प्रभाव साधारणतः ३० ते ९० मिनिटे टिकतो. मेथाडोनसारखी दीर्घकाळ टिकणारी ओपिऑइडे त्यानंतरही शरीरात असतात व श्वास पुन्हा मंदावू शकतो. त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आला तरी त्यास वैद्यकीय देखरेखीची गरज असते. औषधाचा परिणाम होईपर्यंत कृत्रिम श्वास देणे तितकेच आवश्यक आहे. मद्य, बेंझोडायझेपीन किंवा झायलाझीन यांच्या परिणामावर नॅलोक्सोन चालत नाही. मात्र मिश्र विषबाधेतील ओपिऑइडचा भाग ते उलटवते. नॅलोक्सोन व्यसनावरील उपचार नाही. त्यासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखी दीर्घकालीन चिकित्सा लागते.

भारतातील स्थिती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या केंद्राने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २.२६ कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या २.१ टक्के, ओपिऑइडचा वापर करतात. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत नॅलोक्सोनचे इंजेक्शन समाविष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर भुलीसाठी वापरलेल्या ओपिऑइडचा परिणाम उतरवण्यासाठीही ते रुग्णालयांत वापरले जाते.