मावशीचं माहेर

आम्ही दोघं कल्याणची. ह्यांची सगळी नोकरी मध्य रेल्वेत ओव्हरहेड वायरवर गेली आणि मी शाळेत मराठी शिकवलं. मुलाकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा रोझेल पाहायचं हे इथूनच ठरवलं होतं. गाव एकच, पण ह्यांना तिथल्या तारा पाहायच्या होत्या आणि मला आमच्याच कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाईंच्या खुणा.

तारांची गोष्ट आधी सांगते. एडिसनने सप्टेंबर १८८२मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर चालू केलं, तेव्हा तारा रस्ते खणून जमिनीखालून नेल्या होत्या. एवढा खर्च लहान गावाला झेपणार नव्हता. मग १९ जानेवारी १८८३ला रोझेलमध्ये खांब रोवून, तारा वरून ओढून गाव उजळून दाखवलं. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही त्याच वर्षी विजेचं झुंबर लागलं. आज तिथे फिरताना यातलं काही जाणवत नाही. बैठी-दुमजली लाकडी घरं, पुढे ओसरीसारखा पोर्च, त्यावर दोन खुर्च्या आणि कुंड्या. वस्ती बरीचशी कृष्णवर्णीय लोकांची. येणारा-जाणारा "मॉर्निंग" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. पोर्च झाडणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला थांबवून कुठून आलात विचारलं. हे खांबांकडे बघत होते ते पाहून त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि एडिसनची सगळी हकीकत घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगितली. आमच्यासारखीच ही माणसंही बाहेर बसतात, रस्ता बघतात, याचं मला फार बरं वाटलं.

गाव उजळलं त्याच वर्षी, १८८३मध्ये, ४ जूनला अठरा वर्षांची आनंदी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली आणि थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी, या रोझेलला आली. ओळख झाली ती एका छापील पत्रावरून. तिचे यजमान गोपाळराव कोल्हापूरला पोस्टात होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापूरलाच होते, आता प्रिन्स्टनहून मासिक काढत होते. त्यांनी पत्र छापलं आणि सोबत उत्तर दिलं, ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांना ते मान्य नव्हतं, विषय तिथेच संपला असता. पण दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती १८८०मध्ये तो जुना अंक पडला. त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिलं. पुढे तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

आपण आनंदीबाईंची अमेरिका म्हणजे फिलाडेल्फियाचं मेडिकल कॉलेज आणि ११ मार्च १८८६चा पदवीदान समारंभ एवढंच धरून चालतो. मला वाटतं, त्यांचा पाय त्या मुलखात टिकला तो या लहान गावातल्या घरामुळे. आल्या आल्या एकदम कॉलेजात जावं लागलं नाही, तो उन्हाळा मावशीच्या घरात गेला. साडी नेसून, शाकाहार सांभाळून त्या तिथे राहिल्या, शेजारच्या बायकांना आपल्या पद्धतीचं जेवण करून वाढलं. ज्या घरात आपण रांधून वाढतो, तिथे आपण पाहुण्या राहत नाही. आमच्या सुनेच्या स्वयंपाकघरात डाळ फोडणीला टाकताना मला हे फार पटलं.

पुढे आम्ही आनंदीबाईंच्या अस्थी आहेत तिथे, पोकिप्सीला गेलो. न्यूयॉर्कहून गाडी निघाली की डाव्या हाताला हडसन नदी शेवटपर्यंत सोबत असते. एकोणिसाव्या शतकात तिकडे चर्चच्या आवारातली दफनभूमी अपुरी पडू लागली, तेव्हा गावाबाहेर टेकडी, झाडी आणि वळणाचे रस्ते असलेल्या स्मशानबागा निघाल्या. पहिली बॉस्टनजवळ, १८३१मध्ये. सार्वजनिक बागा तेव्हा फारशा नव्हत्या, म्हणून लोक रविवारी फिरायलाही तिथेच येत. एकेक कुटुंब आपली जागा विकत घेई आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागेत माणसं विसावत. पोकिप्सीची रूरल सिमेट्री त्याच पद्धतीची. ऑफिसातल्या बाईंनी न कंटाळता नकाशावर पेनाने रस्ता आखून दिला.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता. गोपाळरावांनी अस्थी मावशीकडे पाठवल्या आणि तिने त्या पोकिप्सीला ठेवल्या. ही जागा आइमी घराण्याची. कार्पेंटर हे तिचं सासरचं नाव, आइमी माहेरचं. म्हणजे कल्याणची ही मुलगी मावशीच्या माहेरच्या माणसांत आहे. हे कळलं तेव्हा मला रडू आवरेना. पत्रातलं नातं त्या बाईने इतकं खरं केलं.

दगडावर नावापुढे एम.डी. आहे, दोन सन आहेत आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, असं इंग्रजीत कोरलं आहे. ह्यांनी ते वाचून दाखवलं. त्या काळाला जे मोठं वाटलं ते दगड बसवणाऱ्यांनी लिहिलं, पण मला जातीपेक्षा दुसरंच हवं होतं. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू बायकांच्या बाळंतपणावर. त्या दगडावर या प्रबंधाचं नाव असायला हवं होतं.