मुंबईचे दोन धक्के

मुंबईस निसर्गानें उत्तम बंदर दिलें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. तें खोटें नव्हे. परंतु निसर्गानें दिलें तें केवळ खोल आणि निवाऱ्याचें पाणी. त्या पाण्यांतून कोरड्या पायांनीं जमिनीवर उतरण्याची सोय माणसासच करावी लागली. ती कोणासाठीं झाली आणि कोणी केली, याचा शोध घेतला म्हणजे एकाच बंदराचे दोन निरनिराळे इतिहास श्रोत्यांच्या दृष्टीस पडतील.

त्यांतील जुना इतिहास कोंकणचा आहे. खाडीपलीकडून येणारा उतारू मचव्यांतून पाय बाहेर टाकी तो चिखलांत. डोक्यावर बोचकें, कडेवर मूल आणि पायांखालीं रेंदा, अशा थाटांत त्याचा मुंबईप्रवेश होई. हे हाल मनावर घेतले ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल या मराठी गृहस्थानें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, म्हणजे पोर्ट ट्रस्टचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें त्या काळीं, त्यानें समुद्रांत भर घालून धक्का बांधिला. पुढें जागा बदलली, बांधणी बदलली, नकाशांत ‘फेरी व्हार्फ’ हें नांव आलें. लोकांच्या तोंडीं मात्र ‘भाऊचा धक्का’च राहिला.

दुसरा इतिहास विलायतेच्या बोटींचा. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचा व्यापार झपाट्यानें वाढला. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झालें. १८७५ सालीं ससून गोदी आणि १८८० सालीं प्रिन्सेस गोदी तयार झाली. पण या गोद्यांची आंखणी मालाच्या सोयीनें झालेली. कापसाच्या गठ्ठ्यास थेट धक्का लाभला, आणि विलायतेहून आलेला साहेब मात्र भर बंदरांत बोटीवरून लहान नौकेंत उतरून अपोलो बंदराच्या पायऱ्या चढे! मोठ्या मानाच्या पाहुण्यांस पुढेंहि तेथेंच उतरवीत; गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजीं आफ्रिकेचें कार्य आटोपून परतले, ते याच अपोलो बंदरावर उतरले. तेथील ‘गेटवे ऑफ इंडिया’ची कमान १९२४ सालीं खुली झाली, म्हणजे रोजच्या उतारूंची वाट दुसरीकडे वळल्यावर. ज्या दारांतून येणें-जाणें उरलें नाहीं त्यास एवढी शोभा यावी, हा योग मौजेचा खरा.

ती नवी वाट म्हणजे बॅलार्ड पिअर. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचें नांव या धक्क्यास मिळालें. १९१४ सालीं शेजारची अलेक्झांड्रा गोदी पुरी झाली; तिच्या खोदाईंतून निघालेल्या मातीनें समुद्र हटवून बॅलार्ड इस्टेट ही पेढ्यांची वसाहत उभी राहिली. तिच्या इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा, आणि गेटवेचे शिल्पकारहि तेच. धक्क्यालगत रेल्वेचें स्टेशन आणिलें. १९२८ सालीं फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हां पावसाळा संपून साहेब लोक परतण्याच्या हंगामांत ती थेट येथूनच पेशावरकडे निघे. बोटीची शिडी उतरावी आणि गाडीची पायरी चढावी. मधल्या मुंबईचें दर्शन घेण्याचें कारणच नाहीं. इतकी चोख व्यवस्था हिंदुस्थानांत क्वचितच कोठें झाली असेल. तीमागें टपालाची आणि राज्यकारभाराची निकड होती, हें उघड आहे. पण धक्का कांहीं केवळ राज्यकर्त्यांचा राहत नाहीं. २८ डिसेंबर १९३१ रोजीं गोलमेज परिषदेहून गांधीजी येथेंच उतरले, आणि आठवड्याभरांतच त्यांस अटक झाली.

कोंकणच्या उतारूसाठीं अशी निकड सरकारास कधींच भासली नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पाऊस, वारा आणि सणासाठीं घरीं जाणाऱ्यांची खच्चून गर्दी. बंदराबाहेर पडतांच ती लाटांनीं कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें; कित्येक तास मुंबईस कांहींच कळलें नाहीं. कांहीं जीव वांचले ते पलीकडच्या कोळ्यांनीं होड्या घातल्या म्हणून. ज्या बंदरांत विलायतेची टपालबोट घड्याळाच्या कांट्यावर उभी राही, त्याच बंदराच्या तोंडाशीं हें घडलें, आणि स्वातंत्र्यास तेव्हां एक महिनाहि उरला नव्हता.

पुढें विमानांनीं विलायतेच्या बोटी संपविल्या, आणि रस्त्यांनीं व रेल्वेनें कोंकणची आगबोट. बॅलार्ड पिअरवर हौशी सफरींच्या बोटींसाठीं भव्य उतारूगृह उभें राहिलें, त्याचें उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्यें झालें. भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मोटारींसह माणसें मांडव्यास नेणारी रो-रो बोट सुटूं लागली. रेवसची लाँच तर तेथून चालूच आहे.