कोळशाच्या विजेतलं पाणी

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कोळशावर चालणारं मोठं सरकारी वीजकेंद्र नाही. तरी शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्राची कहाणी मला घरचीच वाटते. कोळशामुळं नव्हे, पाण्यामुळं.

परळीचा 30 मेगावॅटचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. 1980 ते 1987 या काळात 210 मेगावॅटचे तीन आले. हे जुने संच आता बंद झाले असून, पुढे उभारलेले 250 मेगावॅटचे तीन उरले आहेत.

रेल्वेनं आलेला कोळसा तिथं पिठासारखा दळतात, ती भुकटी बॉयलरमध्ये फुंकतात. नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं. एवढं शाळेत शिकवतात. खरी गंमत पुढं आहे. काम करून दमलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला लागतं, आणि तिला गार करायला दुसरं पाणी. ते तापलेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये थंड होताना त्यातलं काही हवेत उडून जातं. कमरेत निमुळत्या त्या मनोऱ्यांवरचा पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे, आपलं पाणीच. आम्ही कवी उगाच वीज ढगांत शोधतो!

आता हे पाणी कुठलं? मुळा नि प्रवरा आमच्या जिल्ह्याच्या डोंगरांतून निघून गोदावरीला मिळतात. पैठणला जायकवाडी धरण झालं, 1976 साली त्याचं उद्घाटन झालं. नाथसागरात नेवासा-शेवगावकडची काळी जमीन बुडाली. तिथला उजवा कालवा माजलगाव धरणाला पाणी देतो, आणि परळीची भिस्त माजलगाववर.

फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी परळीचे सगळे संच थांबले. 2015 च्या दुष्काळात पुन्हा तेच. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा. पण नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायचं म्हटलं की दर टंचाईत भांडण पेटतं, कोर्टकचेऱ्या होतात. इकडचा शेतकरी ऊस दाखवतो, तिकडचा कोरडी विहीर. मला विचाराल तर तिकडची तहान मोठी.

या वादात नाथसागराच्या काठच्या विस्थापितांचं मात्र कुणी नाव काढत नाही. 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत खेड्यापाड्यांत तासन्‌तास अंधार असायचा. धरणासाठी ज्यांची शेतं गेली, त्यांच्या वस्त्यांनाही त्यातून सूट नव्हती.